खेळाचा तास आणि खिशातला मोबाईल

वडीगोद्री (ता. अंबड, जि. जालना) : धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गाला अंबडकडून येणारा रस्ता वडीगोद्रीत मिळतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे अंबड तालुक्याच्या या पट्ट्यात ऊस आला आणि उसाच्या पैशाबरोबर दुचाकी आल्या. गेल्या दहा-बारा वर्षांत स्मार्टफोन तर घराघरांत पोहोचला. गणित, इंग्रजी, विज्ञान या विषयांसाठी त्याचा उपयोग होऊ शकतो, ही गोष्ट पालकांनी करोनाच्या काळात नाइलाजाने का होईना मान्य केली. खेळाच्या तासाला मात्र मोबाईलचे नाव काढले की शिक्षक आणि पालक दोघांच्याही कपाळावर आठी पडते. मुले मैदानावर येत नाहीत त्याला कारणच हा मोबाईल, मग तोच मैदानावर कशाला न्यायचा, असा हा सरळ प्रश्न आहे.

प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची शारीरिक हालचाल करणे आवश्यक आहे. याच संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार जगातील ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के, तर भारतातील सुमारे ७४ टक्के मुले एवढी हालचाल करत नाहीत. या परिस्थितीत आठवड्यातील मोजक्या खेळाच्या तासिकांपैकी एकही मिनिट पडद्याकडे पाहण्यात जाऊ नये, ही भूमिका समजण्यासारखी आहे. तरीही गेल्या दोन दशकांत जगभरातील शारीरिक शिक्षणाच्या अध्यापनात मोबाईलने स्वतःची अशी एक जागा निर्माण केली आहे. ही जागा नेमकी कोणती, तिच्या मर्यादा कोणत्या आणि वडीगोद्रीसारख्या गावातील शाळेला त्यातले काय घेता येईल, याचा हा धांडोळा.

साधन नवे, कल्पना जुनी

व्यायाम शिकविण्यासाठी चित्राचा आधार घेण्याची परंपरा मराठी मुलखाला नवी नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांमध्ये सूर्यनमस्कार रुजविले आणि त्यांच्या प्रसारासाठी सचित्र पुस्तके लिहिली. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' सिद्ध केला. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (स्थापना १९१४) आणि पुण्याची महाराष्ट्रीय मंडळ ही संस्था (१९२४) यांनी शारीरिक शिक्षणाला शास्त्राचे रूप देण्यात मोठा वाटा उचलला. या साऱ्यांसमोर अडचण एकच होती. चित्र स्थिर असते आणि व्यायाम हालचालीचा असतो.

हालचाल मोजण्याची यंत्रे नंतर आली, तीही टप्प्याटप्प्याने. जपानमध्ये १९६५ साली 'मानपो-केई' नावाचे पावले मोजणारे यंत्र बाजारात आले. दिवसाला दहा हजार पावलांचा आज सर्वत्र ऐकू येणारा आकडा मुळात या यंत्राच्या नावातून, म्हणजे एका जाहिरातीतून आलेला आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ मध्ये छातीला पट्टा बांधून हृदयाचे ठोके मोजणारे बिनतारी यंत्र आणले. पुढे अमेरिकेत इलिनॉय राज्यातील नेपरव्हिल येथील शाळांनी ते खेळाच्या तासाला वापरले. तेथे कोण पहिला आला यापेक्षा प्रत्येकाने स्वतःच्या क्षमतेच्या मानाने किती मेहनत घेतली, यावर गुण देण्यास सुरुवात झाली आणि संथ धावणाऱ्या मुलांनाही पहिल्यांदाच पूर्ण गुण मिळू लागले. वेस्ट व्हर्जिनिया राज्याने २००६ मध्ये सर्व ७६५ सरकारी शाळांत नाचाचा व्हिडिओ गेम नेण्याची घोषणा केली होती.

स्मार्टफोनने ही सर्व यंत्रे एकत्र आणली. कॅमेरा, स्टॉपवॉच, ध्वनिक्षेपक, पावले मोजणारा संवेदक, उपग्रहावरून स्थान सांगणारी यंत्रणा आणि नोंदवही, असे सगळे काही एका खिशात मावते. शिक्षणशास्त्रात या प्रकाराला 'मोबाईल लर्निंग' म्हणतात. शारीरिक शिक्षणापुरते त्याचे सोपे वर्णन करायचे तर मोबाईल येथे खेळाची जागा घेत नाही, तो आरशाचे आणि मोजपट्टीचे काम करतो.

आरसा : कॅमेऱ्याचा उपयोग

सर्वांत उपयोगी भाग कॅमेऱ्याचा. लांब उडी घेणाऱ्या मुलाला त्याचा पाय फळीच्या पुढे पडला, हे शिक्षक दहा वेळा सांगतात. मुलाला ते पटत नाही, कारण त्याला तसे जाणवलेलेच नसते. तीच उडी संथ गतीने त्याला दाखविली की वाद मिटतो. आजच्या अनेक फोनमध्ये सेकंदाला १२० किंवा २४० चित्रे टिपणारी संथ चित्रणाची सोय असते. साध्या चित्रणात हा आकडा ३० असतो.

कबड्डी आणि खो-खो या आपल्या खेळांत तर याचे मोल अधिक आहे. खो-खोत बसलेल्या खेळाडूने खो मिळण्यापूर्वीच उठण्याची हालचाल केली का, खांबाजवळ सूर मारताना पाय नेमका केव्हा सुटला, पळणाऱ्याने हुलकावणी कोणत्या खांद्याने दिली, या गोष्टी क्षणार्धात घडून जातात. कबड्डीत चढाई करणाऱ्याने निदान रेषा ओलांडली होती का, घोटा पकडताना बचावपटूचे डोके कोठे होते, हेही तसेच. यातली शेवटची बाब तर केवळ गुणांची नाही. डोके चुकीच्या बाजूला ठेवून पकड करणारा मुलगा स्वतःची मान धोक्यात घालत असतो आणि ते त्याला एकदा दिसले, तर तो ती चूक पुन्हा सहसा करत नाही. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये आणि अल्टिमेट खो खो २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून संथ गतीचे पुनर्चित्रण मुलांच्या ओळखीचे झाले आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी विजेतेपद पटकावले. तेव्हा महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर हे दोघेही महाराष्ट्राचेच होते. दूरचित्रवाणीवर जे पाहिले ते आपल्या मैदानावर, आपल्याच खेळाबाबत पाहायला मिळणे, हे मुलांसाठी मोठे आकर्षण ठरते.

मात्र येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. नुसते चित्रण दाखविल्याने खेळ सुधारत नाही. अमेरिकेतील संशोधकांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. त्यात सहभागी झालेल्यांना सवय नसलेल्या हाताने चेंडू फेकायला शिकविण्यात आले. ज्यांना फक्त स्वतःचे चित्रण दाखविले, त्यांच्यापेक्षा ज्यांना चित्रणासोबत 'आता खांद्याकडे पाहा', 'आता कोपराकडे पाहा' असे सांगण्यात आले, त्यांची प्रगती स्पष्टपणे अधिक होती. कारण उघड आहे. नवशिक्याला चित्रणात सगळेच दिसते, म्हणून नेमके काहीच दिसत नाही. काय पाहायचे हे सांगणारा शिक्षक हवाच, आणि एका वेळी एकच गोष्ट सांगणारा हवा.

दुसरी अडचण वेळेची. तासिका ३५ मिनिटांची आणि वर्गात ४० मुले असतील, तर प्रत्येकाचे चित्रण आणि ते दाखविणे यासाठी केवळ दोन मिनिटे धरली तरी ८० मिनिटे लागतात. म्हणजे दोन तासिका संपूनही काम उरते आणि एकाच्या वेळी ३९ मुले उभी राहतात. म्हणून जाणकार शिक्षक वर्गाचे सहा-सात मुलांचे गट करतात. एक गट गोळाफेक करतो, एक दोरीवरच्या उड्या, एक जोर-बैठका, एक खो-खो. मोबाईल एकाच ठिकाणी, तिवईवर किंवा विटांच्या आधाराने ठेवलेला असतो आणि गट फिरत फिरत तेथे येतो. दर तासाला सहा-सात मुलांचेच चित्रण झाले तरी दीड महिन्यात वर्ग पूर्ण होतो. एकच मोबाईल, तोही शिक्षकांचा, एवढ्यावर हे भागते. प्रत्येक मुलाच्या हाती टॅबलेट हवा, ही कल्पना विक्रेत्यांची आहे, मैदानाची नव्हे.

चित्रणाच्या विश्लेषणासाठी म्हणून निघालेल्या ॲपवर फार विसंबू नये, असाही अनुभव आहे. 'कोचेस आय' हे एकेकाळचे लोकप्रिय ॲप तिच्या कंपनीने २०२२ मध्ये बंद केले. संगणकावर चालणारी 'किनोव्हिया' ही प्रणाली विनामूल्य आहे. पण शालेय पातळीवर फोनमधील मूळ कॅमेरा आणि बोटाने मागे-पुढे करता येणारी चित्रफीत पुरेशी असते.

मोजपट्टी : सेकंद आणि सेंटिमीटर

पन्नास मीटरची धाव हाताने स्टॉपवॉच दाबून मोजली जाते. त्यात माणसाच्या प्रतिसादाचा वेळ, म्हणजे साधारण सेकंदाचा पाचवा भाग, कमी-जास्त होतोच. शिवाय शिटीचा आवाज पन्नास मीटर अंतर कापायला सुमारे ०.१५ सेकंद घेतो. अंतिम रेषेवरचा शिक्षक आवाज ऐकून घड्याळ सुरू करत असेल, तर मुलाचा वेळ आपोआप तेवढा कमी, म्हणजे चांगला नोंदला जातो. म्हणूनच जुने क्रीडाशिक्षक रुमाल किंवा झेंडा खाली आणून सुरुवात करतात आणि मोजणारा त्या रुमालाकडे पाहतो. ही शिस्त मोबाईल आला म्हणून सोडायचे कारण नाही.

उभ्या उडीची उंची मोजण्याची मोबाईलची रीत अधिक रंजक आहे. पाय जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत लागलेला वेळ ठाऊक असला की उंची काढता येते. वेळेचा वर्ग करायचा, त्याला गुरुत्व त्वरणाने म्हणजे ९.८१ ने गुणायचे आणि आठने भागायचे. चित्रण सेकंदाला २४० चित्रांचे असेल आणि मुलगी १२० चित्रे हवेत दिसत असेल, तर वेळ अर्धा सेकंद आणि उंची सुमारे ३०.७ सेंटिमीटर. मोजताना एका चित्राची चूक झाली तरी फरक अर्ध्या सेंटिमीटरचा पडतो. तेच साध्या ३० चित्रांच्या चित्रणात एका चित्राची चूक चार सेंटिमीटरहून अधिक फरक पाडते. 'माय जंप' हे स्पेनमधील संशोधकाने तयार केलेले ॲप याच तत्त्वावर चालते आणि प्रयोगशाळेतील यंत्राशी त्याचे निष्कर्ष चांगले जुळतात, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. जर्मनीतील आखेन विद्यापीठाचे 'फायफॉक्स' हे २०१६ पासूनचे विनामूल्य ॲप फोनमधील संवेदक उघडून दाखविते. नववी-दहावीच्या विज्ञान शिक्षकांनी आणि क्रीडाशिक्षकांनी एकत्र येऊन एक तास घेतला, तर गतीचे नियम फळ्यावर शिकविण्याची गरजच उरणार नाही. दोन विषयांचे शिक्षक एका मैदानावर येतील का, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा नाही.

याउलट उपग्रहाधारित स्थाननिश्चितीचा, म्हणजे जीपीएसचा, शाळेच्या छोट्या मैदानावर जवळजवळ उपयोग नाही. मोकळ्या आकाशाखाली फोनची अचूकता साधारण पाच मीटरची असते. पन्नास मीटरच्या धावेत पाच मीटरची चूक म्हणजे सारे मुसळ केरात. छोट्या मैदानाच्या वळणांवर तर ही यंत्रणा कोपरे कापून अंतर नोंदविते. तेथे तीस मीटरचा फीत-टेप आणि चुन्याच्या खुणा हेच खरे. सरळ रस्त्यावरील लांब अंतरासाठी जीपीएस ठीक.

पावले मोजण्याचेही तसेच आहे. फोन अंगावर असेल तरच पावले मोजली जातात आणि कबड्डी, कुस्ती, खो-खो, मल्लखांब यांत खिशात फोन ठेवणे म्हणजे खेळाडूला आणि फोनला, दोघांनाही इजा. पावलांच्या आकड्यावर मुलांची क्रियाशीलता ठरवायची झाली, तर तासभर मल्लखांब करणारा मुलगा आळशी ठरेल.

फक्त आवाज

या साऱ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरला जाणारा उपयोग आवाजाचा आहे. कॅनडातील माँट्रियल येथील शास्त्रज्ञ ल्यूक लेजे यांनी १९८२ मध्ये वीस मीटरची फेऱ्यांची चाचणी मांडली. वीस मीटरवर दोन रेषा आखायच्या आणि ठरावीक अंतराने वाजणाऱ्या 'बीप'बरोबर एका रेषेवरून दुसरीवर पोहोचायचे. सुरुवातीचा वेग ताशी ८.५ किलोमीटर, आणि प्रत्येक मिनिटाला त्यात अर्ध्या किलोमीटरची भर. आवाजाच्या आत रेषा गाठता येईनाशी झाली की थांबायचे. पूर्वी ही चाचणी ध्वनिफितीवर यायची. आता ती कोणत्याही फोनवर, एकदा उतरवून घेतल्यास इंटरनेटशिवाय, ध्वनिवर्धकाला जोडून वाजविता येते. मैदान कितीही लहान असो, वीस मीटर मिळतातच. मुलांनी पडद्याकडे पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वीस-पंचवीस मुलांची दमछाकीची क्षमता एकाच वेळी तपासणारी इतकी साधी पद्धत दुसरी नाही. वीज गेली तरी तिचे काही अडत नाही, हे ग्रामीण भागात सांगायलाच हवे.

सरकारी ॲप आणि खरी परिस्थिती

केंद्र सरकारने २७ फेब्रुवारी २०१९ रोजी 'खेलो इंडिया' ॲप आणले. त्यात १८ खेळांची माहिती, मैदानांचा शोध आणि शालेय मुलांच्या तंदुरुस्तीची चाचणी असे तीन भाग होते. लहान मुलांसाठी शरीराचे वजन व उंची यांचे गुणोत्तर, एका पायावरचा तोल आणि हाताने चकत्यांना स्पर्श करण्याची चपळाई. मोठ्या मुलांसाठी या गुणोत्तराखेरीज ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणे, तीस सेकंदांतील पोटाचे व्यायाम आणि जोर, अशा या चाचण्या आहेत. 'फिट इंडिया' चळवळ २९ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झाली आणि तिचे ॲप दोन वर्षांनी त्याच दिवशी, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा दिनी, उपलब्ध झाले.

महाराष्ट्रात डिजिटल शाळांची लाट त्याआधीच आली होती. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरील जिल्हा परिषद शाळेने टॅबलेटवर शिक्षण सुरू करून राज्याचे लक्ष वेधले. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाने अशा प्रयत्नांना बळ दिले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याची कल्पना राबविली आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. मात्र या साऱ्या प्रयत्नांचा भर भाषा आणि गणितावर राहिला. शारीरिक शिक्षण बाजूलाच पडले. टाळेबंदीत मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या जो विक्स या प्रशिक्षकाने घरबसल्या व्यायामाचे वर्ग सुरू केले आणि दुसऱ्याच दिवशी एका वेळी साडेनऊ लाखांहून अधिक प्रेक्षक त्याच्या थेट प्रक्षेपणाला जोडले गेले. इतके तयार कुतूहल समोर असताना मराठीत या वयाच्या मुलांसाठी त्या तोडीचे काही उभे राहिले नाही, ही खंत आहे.

मूळ अडचण मोबाईलची नाही, माणसांची आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराहून अधिक असेल तरच आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. म्हणजे पट कमी असलेल्या गावच्या शाळेत वर्गशिक्षकच खेळाचा तास घेणार. माध्यमिक शाळांतही तासिकांवर गदा आलेली आहे. २०१७ मध्ये त्या कमी करण्याच्या निर्णयाला शारीरिक शिक्षण शिक्षकांनी राज्यभर विरोध केला होता. 'असर' संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील सुमारे ६६ टक्के शाळांनाच मैदान आहे. मैदान नाही आणि शिक्षक नाही, तेथे ॲपमध्ये माहिती भरणे हे आणखी एक कागदी काम ठरते. आकडे मैदानावर न जाता भरले जाण्याची भीतीही मग खरी ठरू शकते.

आकड्यामागची मुलगी

तंदुरुस्तीच्या चाचणीचा निकाल हा आळसाचा पुरावा नव्हे, हे येथे ठासून सांगितले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे. किशोरवयीन मुलींची स्थिती याहून चांगली नाही. सहाशे मीटर धावताना तिसऱ्या वळणावर थांबणारी मुलगी कदाचित सकाळी न जेवता, घरचे पाणी भरून आलेली असते. तिचा आकडा सलग दोन सत्रांत घसरत असेल, तर तो प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जाण्याचा निरोप आहे. मोबाईलवरील नोंदीचा खरा उपयोग येथेच होऊ शकतो, कारण कागदावरची नोंद वर्ष संपले की हरवते. पण तोच आकडा, विशेषतः वजनाचा, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला गेला तर ती मुलगी पुढच्या वेळी मैदानावर येणार नाही. निकाल ज्याचा त्याला आणि त्याच्या पालकांना, एवढाच दंडक हवा.

चित्रणाबाबत तर अधिक कडक नियम हवेत. खेळाच्या पोशाखातील मुलींचे चित्रण शिक्षकांच्या वैयक्तिक फोनमध्ये असणे ही बाब कोणत्याही गावात संवेदनशील आहे, आणि ती तशी असणे योग्यच आहे. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्यानुसार १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती आवश्यक ठरविण्यात आली आहे. त्याचे नियम २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. कायद्याची वाट न पाहताही शाळेला काही गोष्टी ठरविता येतात. चित्रण शाळेच्या मालकीच्या फोनवर व्हावे. वर्षाच्या सुरुवातीलाच पालकसभेत लेखी संमती घ्यावी आणि नकार देणाऱ्यांच्या मुलांना वेगळे पाडू नये. चेहरा नको, पाय-कंबर-खांद्याची हालचाल पुरेशी असेल तेथे कॅमेरा तसाच लावावा. मुलीचे चित्रण मैत्रिणीने करावे, आणि दाखवून झाले की तेथल्या तेथे पुसावे. ही शेवटची सवय लागली तर बाकीचे अर्धे प्रश्न निर्माणच होत नाहीत.

मुलांच्या स्वतःच्या फोनला मैदानावर परवानगी द्यावी का? याचे उत्तर शालेय पातळीवर तरी 'नाही' असेच द्यावे लागेल. 'असर'च्या त्याच अहवालात १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे दिसले. त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे ५७ टक्के होते आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. स्वतःच्या मालकीचा फोन मुलांमध्ये सुमारे ३६ टक्क्यांकडे, तर मुलींमध्ये सुमारे २७ टक्क्यांकडेच होता. 'ज्याने त्याने आपला फोन आणावा' अशी पद्धत ठेवली, तर मैदानावरही मुलीच मागे राहतील. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांत विद्यार्थ्यांच्या फोनवर बंदी घातली, तीही शैक्षणिक उपयोगाचा अपवाद ठेवून. एका गटाला एक, शाळेचा आणि शिक्षकांच्या नजरेखालचा फोन, ही रीत त्या अपवादात बसते.

पहाटेची धाव

मराठवाड्यात या विषयाला आणखी एक बाजू आहे, ती पोटापाण्याची. शाळा सोडलेली आणि शेतीवर भागत नसलेली असंख्य मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करतात. भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १६०० मीटर धावण्यासाठी २०, १०० मीटरसाठी १५ आणि गोळाफेकीसाठी १५ असे ५० गुण असतात. महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर धावायचे असते. मैदान नसल्याने ही मुले पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावतात, कानात गाणी आणि दंडाला फोन. उसाचे ट्रॅक्टर आणि मालमोटारी त्याच रस्त्याने जात असतात. कानातले गाणे मागून येणाऱ्या वाहनाचा आवाज झाकते, आणि जीपीएसने मोजलेला सोळाशे मीटरचा वेळ भरतीच्या मैदानावर तसाच येत नाही, कारण तेथे वळणे असतात.

त्यांच्यासाठी शाळेचे मैदान पहाटे उघडे ठेवले, तर मोबाईलचा याहून चांगला उपयोग होतो. सोळाशे मीटरचे पूर्ण गुण मिळविण्यासाठी ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत यावे लागते. म्हणजे ४०० मीटरला साडेसत्याहत्तर सेकंद आणि १०० मीटरला १९.४ सेकंद. टेपने मोजून दर पन्नास मीटरवर विटा ठेवायच्या आणि फोनवर ९.७ सेकंदांनी वाजणारा ठोका लावून तो मैदानाच्या मध्यभागी ठेवायचा. ठोक्याला वीट मागे पडली तर वेग बरोबर. नवशिक्याने पहिल्या आठवड्यात ठोका १२ सेकंदांवर ठेवावा आणि दर आठवड्याला थोडा थोडा खाली आणावा. बहुतेक मुले पहिल्या दोनशे मीटरमध्येच दम घालवतात आणि शेवटच्या फेरीत चालू लागतात. ती खोड या ठोक्याने लवकर मोडते. फोन एकच लागतो आणि तो कोणाच्याही दंडाला बांधावा लागत नाही.